पुतळ्यांच्या माळेविषयी

चि. बाळ यास,

सराफाच्या पेढीवरून एक वार्ता माझ्या कानी आली आहे आणि ती खोटी ठरावी, या एकाच इच्छेने तातडीने लिहीत आहे. तुझ्या आजीची पुतळ्यांची माळ उसवून, तिच्यातली जी नाणी अस्सल व्हेनिसची निघतील त्यांच्या कड्या कानशीने घासून ती तू संग्रहात मांडणार आणि उरलेली आटवणार, असे तिथे बोलले जाते. हे खरे असेल तर पत्र वाचताक्षणी थांब.

तुझ्या व्यासंगाविषयी माझी तक्रार नाही. ज्या नगरराज्याने १२८४ साली सोन्याचे डुकाट पाडण्याचे ठरवले आणि १७९७ साली नेपोलियनपुढे लयास जाईपर्यंत त्याचे वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास व कस जवळजवळ शंभर नंबरी राखला, एका अंगास संत मार्कच्या हातून ध्वज घेणारा, गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, आणि दुसऱ्या अंगास तारकांच्या लंबवर्तुळातला ख्रिस्त ही मुद्राही फारशी बदलू दिली नाही, त्या राज्याच्या टाकसाळीचे तुला वेड लागावे, यात वावगे काय? नाण्यावर सन नसतो. डोजच्या नावावरूनच काळ ठरवायचा, आणि अल्विझे मोचेनिगो या एकाच नावाचे चार डोज १५७० ते १७७८ या अवधीत होऊन गेल्याने तिथेही पेच पडतो. असले पेच सोडवीत तू रात्री जागवतोस, याचा मला अभिमानच आहे.

पण माळेला कानस लावू नकोस. कडी झाळलेल्या नाण्याचे मोल संग्राहकांच्या बाजारात उतरते, हे मला ठाऊक आहे. तथापि कडी घासली तरी झाळल्याचा व्रण राहतोच, म्हणजे बाजाराच्या हिशेबानेही तुझ्या पदरी काही पडत नाही. त्याहून मोठी गोष्ट ही, की मिरी-मसाले आणि कापड यांच्या मोबदल्यात तांबड्या समुद्रावरून हे सोने आपल्या मुलखात उतरले, ते तिजोरीत न राहता बायकांच्या गळ्यात गेले, आणि त्या प्रवासाचा दाखला त्या कडीवाचून दुसरा कोणता? जी नाणी तू नकली म्हणून आटवू पाहतोस, ती इथल्या कारागिरांनी लॅटिन न वाचता, अक्षरांचे केवळ आकार गिरवून घडवली. म्हणून त्यांवरचा लेख विस्कटलेला आहे. व्हेनिसच्या डोजमध्ये आणि संतात आपल्या माणसांनी राम-सीता पाहिले, आणि त्या श्रद्धेने ती नाणी छातीशी बाळगली. व्हेनिसला ठाऊक नसलेला हा व्हेनिसचा इतिहास आहे, आणि तो मुशीत घालण्याचा अधिकार मी तुलाच काय, कोणालाही देणार नाही.

रागाने लिहिले. त्याचे कारण तुला माहीत असायला हवे, पण ते तुझ्या आईने कधी बोलून दाखवले नसेल. माळेत एक पुतळी कमी आहे, ती माझ्या कॉलेजच्या फीसाठी गेली. नोकरी लागल्यावर तशीच एक आणून आईच्या हाती ठेवायची, असे मी मनाशी धरले होते. परंतु पहिला पगार हाती येण्यापूर्वीच आई गेली. ती पुतळी कोणत्या डोजची होती, अस्सल होती की इथली, हेही मी तेव्हा पाहून ठेवले नाही. तुझ्यासारखे डोळे त्या वयात मला असते तर!

तेव्हा माळ आहे तशीच राहू दे. एकेक पुतळी भिंगाखाली धरून तिच्यावरची नावे वाच, वजने टिपून घे आणि ती वही मला दाखव. मला हे सारे तुझ्याकडून समजून घ्यायचे आहे. सुटे, बिनकडीचे एखादे डुकाट घेण्यासाठी सोबत काही रक्कम पाठवीत आहे. ती परतफेडीची नव्हे, आणि यासाठी कोणाकडूनही उसने घेऊ नकोस. यातले अक्षरही तुझ्या आईस कळवलेले नाही. उजेड कमी असेल तर वाचत बसू नकोस, डोळ्यांना जप. आणि दिवाळीला चार दिवस जास्त काढून ये.

तुझा
मामा