शंभर टक्के, पण कशाचे?

लिनक्सवर आवाज गेला की माणूस आधी स्पीकरला दोष देतो, मग ड्रायव्हरला, आणि शेवटी सगळी सिस्टिम पुन्हा टाकायला बसतो. पुन्हा टाकल्यावर आवाज बहुतेक वेळा येतोही, म्हणून तर ही खोड जात नाही. माझी गेली ती एका म्यूटच्या बटणापायी.

लॅपटॉपवर मी भरगच्च डेस्कटॉपऐवजी साधा विंडो मॅनेजर वापरतो. त्यात कीबोर्डवरच्या आवाजाच्या बटणांना काय करायचं ते आपणच सांगावं लागतं. म्यूटला मी सगळीकडे सापडते ती ए-मिक्सरची आज्ञा दिली होती: मास्टर चालू असेल तर बंद कर, बंद असेल तर चालू कर. एकदा दाबलं, आवाज बंद. पुन्हा दाबलं, मास्टर चालू, पट्टी ऐंशीवर, गाणं पुढे सरकतंय, आणि ऐकू मात्र काही येत नाही. हेडफोन लावले, तेही मुके.

यात बिघडलेलं काहीच नव्हतं. सगळ्यात खाली असतो कर्नलमधला आल्सा. त्याला साउंड कार्डावरचा प्रत्येक खटका वेगळा दिसतो: मास्टर, स्पीकर, हेडफोन, पीसीएम. त्याच्यावर पल्सऑडिओ, किंवा आताशा पाइपवायर. फेडोरात तो 2021 सालच्या 34व्या आवृत्तीपासून, उबुंटूत 22.10 पासून मुक्कामाला आला. हा मधला थर खालचे सगळे खटके मिळून आपल्याला एकच पट्टी दाखवतो. आणि त्याहीवर ब्राउझर, व्हीएलसी यांच्या आपापल्या पट्ट्या. माझ्या आज्ञेनं खालच्या थरात मास्टर बंद केला, ते मधल्या थराला दिसलं, आणि त्यानं इमानेइतबारे स्पीकर व हेडफोनही बंद केले. दुसऱ्या वेळी आज्ञेनं उघडला तो फक्त मास्टर. गच्चीवरच्या टाकीचा कॉक उघडला, मोरीतला नळ बंदच.

तुमच्यावर हीच वेळ आली तर टर्मिनलमध्ये आल्सामिक्सर उघडा आणि आधी एफ-6 दाबून खरं कार्ड निवडा. हे न केल्यानं पुष्कळ जण फसतात, कारण सुरुवातीला बहुधा मधल्या थराचाच एकुलता एक मास्टर समोर येतो आणि सगळं ठीक दिसतं. खऱ्या कार्डावर ज्या खांबाखाली ‘एमएम’ लिहिलंय तो मुका. त्यावर जाऊन एम दाबा, तिथे दोन शून्यं येतील. मग कीबोर्डची बटणं पॅक्टीएलच्या किंवा डब्ल्यूपीसीटीएलच्या आज्ञेला बांधा, म्हणजे ती मधल्या थराशीच बोलतील. खालच्याशी बोलायचं काम त्याच्यावर सोडा.

म्यूटचा घोळ निदान लक्षात तरी येतो. आवाज कमी-जास्त करण्यातला घोळ वर्षानुवर्षं अंगवळणी पडतो. समजा पीसीएमचा खांब कधीतरी अर्ध्यावर राहिला. आवाज बारीक वाटतो, म्हणून माणूस मधल्या थराची पट्टी शंभराच्या पुढे ढकलतो. पल्सऑडिओच्या नियंत्रण खिडकीत ती 153 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 11 डेसिबल जास्त, जाते. तिथे लाटेचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. तो फाटलेला आवाज मग खाली पीसीएममध्ये बारीक होतो. परिणाम काय, तर हळूही आणि घोगराही. नवे स्पीकर आणून हे सुधारत नाही.

टक्क्यांवर फार विसंबू नका. मधल्या थरात 50 टक्के म्हणजे निम्मा आवाज नव्हे. हिशेब घनाचा असल्यानं लाटेची उंची एक अष्टमांश होते, म्हणजे 18 डेसिबल कमी. आल्सामिक्सरची टक्केवारी वेगळ्याच हिशेबानं चालते. त्यामुळे तिथे वरच्या बाजूला दिसणारा डेसिबलचा आकडा वाचा आणि पीसीएम, स्पीकर, हेडफोन हे शून्य डेसिबलवर आणा. पूर्ण वर नव्हे; काही कार्डांवर शून्याच्या वरही जागा असते. त्यानंतर रोजची चढउतार एकाच मधल्या पट्टीवर करा आणि ती शंभराच्या आत ठेवा. मधला थर तरीही खांब हलवत राहिला, तर पाइपवायरसोबतच्या वायरप्लंबरच्या सेटिंगमध्ये त्या कार्डासाठी सॉफ्ट-मिक्सर चालू करता येतो. मग तो हार्डवेअरला हातच लावत नाही.

जुना पल्सऑडिओ चालवणाऱ्यांनी डेमनच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘फ्लॅट व्हॉल्यूम’ची ओळ जरूर पाहावी. ही सोय चालू असताना एखाद्या ॲपनं स्वतःची पट्टी शंभरावर नेली की अख्ख्या यंत्राचा आवाज शंभरावर जातो. कानात हेडफोन असताना हा प्रकार नुसता त्रासाचा नाही, धोक्याचा आहे. कल्पना विंडोज व्हिस्टासारखी होती. उबुंटूनं ती मुळातच बंद ठेवली. तुमच्या फाइलमधल्या त्या ओळीत ‘नो’ लिहून टाका.

मायक्रोफोनचं प्रकरणही याच जातीचं. फक्त आल्सामिक्सरमध्ये एफ-4 दाबून कॅप्चरच्या बाजूला जावं लागतं. माइक बूस्ट तिथेच असतो, आणि तो चढलेला असेल तर खोलीतला पंखाही समोरच्याला ऐकू जातो. व्हिडिओ कॉल चालू असताना माइकची पट्टी आपोआप सरकताना दिसली तर तिच्याशी झटापट करू नका. कॉलचं ॲपच ती हलवत असतं. त्याच्या सेटिंगमध्ये माइकचा आवाज आपोआप जुळवण्याची जी खूण असते, ती काढा.