वाईट म्हणजे नेमकं काय?

गगनबावड्यात कॉलेजच्या मुलांना इंग्रजी शिकवताना एक गोष्ट सतत दिसते. कुणी काही गैर केलं, की मुलं सरसकट 'बॅड' लिहितात, नाहीतर थेट 'ईव्हिल'. या दोन टोकांच्या मधले शब्द शिकवताना हाती लागलेलं हे थोडं.

१. आधी विचारायचं, मोडलं काय? कायदा मोडला तर 'इलीगल'. पेशाची आचारसंहिता मोडली तर 'अनएथिकल'. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरनं कट घेणं, हे त्यातलं. माणसाला माणूस म्हणून बांधणारी नीती मोडली तर 'इम्मॉरल'.

२. कायदा बदलतो, नीती त्याच्या मागोमाग बदलतेच असं नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कलम ४९७ रद्द केलं आणि व्यभिचार हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. घटस्फोटासाठी ते कारण मात्र आजही चालतं.

३. कायद्यात बसूनही गैर काय असू शकतं, ते समजवायला मला बावड्याबाहेर जावं लागत नाही. इथली जहागीर रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची. त्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विषय आहे. आंबा, फणस ही झाडंही आरमाराच्या कामाची; पण रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली, म्हणून त्यांना हात लावू द्यायचा नाही. एखादं जीर्ण झाड हवंच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यायचं. जबरदस्ती मुळीच नाही. आता बघा, हुकूम सरकारचा, कुऱ्हाड सरकारची. झाड ओढून नेलं असतं तर 'इलीगल' कोण म्हणणार होतं? तरी ते 'अनजस्ट' ठरलं असतं, आणि प्रजेला पिडल्याचा दोष राजाच्या पदरी पडतो, हे अमात्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं. सत्तेतल्या माणसानं सत्तेलाच घातलेला हा बांध मला फार मोलाचा वाटतो. हा उतारा मी दरवर्षी वर्गात घेतो.

४. 'अमॉरल' वेगळा. इम्मॉरल माणूस नीती मोडतो. अमॉरलच्या लेखी नीतीचा प्रश्नच नसतो. करूळ घाटात कोसळणारी दरड अमॉरल, पण निकृष्ट संरक्षक भिंतीचं बिल काढणारा 'करप्ट'.

५. 'विकेड' आणि 'ईव्हिल' जपून वापरायचे. जाणूनबुजून, दुसऱ्याच्या हालांची पर्वा न करता केलेल्या क्रौर्यासाठी ते राखून ठेवावेत. कॉपी करणाऱ्या पोराला 'डिसऑनेस्ट' पुरतो. वहीत 'ही इज ईव्हिल' दिसलं, की मी खाली लिहितो, 'त्यानं काय केलं ते लिही.' बहुतेकदा उत्तर येतं, 'ही लाइड.' मग पहिलं वाक्य मूल आपणच खोडतं.