हरभऱ्याचे बियाणे बॅगेवर नव्हे, दाण्यावर ठरवा

जिरायती हरभऱ्याची पेरणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होते. ओलिताचा हरभरा १० नोव्हेंबरपर्यंत पेरता येतो. वाण कोणताही असो, बियाण्याचा हिशेब मात्र बहुतेक ठिकाणी ‘एकरी एक बॅग’ असाच चालतो. ही सवय मोडायला हवी. ‘विजय’ वाणाच्या १०० दाण्यांचे वजन साधारण २० ग्रॅम भरते, ‘विशाल’चे २८, तर ‘कृपा’ या काबुली वाणाचे ५९ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे विजयच्या किलोत पाच हजार दाणे आणि कृपाच्या किलोत जेमतेम सतराशे. तीच बॅग एका रानात दाटी करते आणि दुसऱ्या रानात नांग्या पाडते.

हिशेब सोपा आहे. दोन ओळींत ३० सें.मी. आणि दोन रोपांत १० सें.मी. अंतर धरले, तर एकरात सुमारे १ लाख ३५ हजार रोपे बसतात. १०० दाण्यांच्या ग्रॅममधल्या वजनाला १.३५ ने गुणा, एकरी किलो मिळतील. विजयला २७, विशालला ३८. टपोऱ्या काबुलीच्या ओळी ४५ सें.मी.वर असतात, तिथे ०.९ ने गुणा. कृपाला ५३ किलो येतात. कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी विजयला ६५ ते ७०, विशालला १०० आणि कृपाला १२५ ते १३० किलो अशी आहे, ती याच हिशेबाला धरून आहे. दाणे निवडून मोजू नका. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ घ्या, एकत्र कालवा आणि हाताला येतील तसे मोजा.

हा झाला वाणावाणांतला फरक. तो जनुकांचा आहे, पिढ्यान् पिढ्या टिकतो. एकाच पोत्यात दिसणारा फरक वेगळा. घरचे बियाणे तळहातावर पसरून पाहा. एक दाणा भरलेला, साल ताणलेली, चोच ठसठशीत. शेजारचा बाजूने खपलेला, सुरकुतलेला, वजनाला हलका. दोघांचे वाण एकच, कदाचित झाडही एकच. बुडाकडचे घाटे आधी लागतात. तेव्हा जमिनीत ओल असते, पाने हिरवी असतात, दाण्याला भरायला दिवस मिळतात. शेंड्याकडचे घाटे उशिरा लागतात आणि त्यांचा दाणा भरण्याच्या वेळी ऊन वाढलेले, ओल संपलेली, पाने पिवळी पडू लागलेली. एका घाट्यात दोन दाणे धरले, तर वाटणीमुळेही दाणा लहान राहतो.

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावरच्या प्रयोगांतून दाखवून दिले, की शुद्ध वाणातले मोठे दाणे पेरा किंवा लहान, पुढच्या पिकाच्या दाण्याचा सरासरी आकार बदलत नाही. हरभराही स्वपरागसिंचित पीक आहे, त्याला हेच लागू पडते. तेव्हा चाळणी लावून वाण सुधारेल, ही अपेक्षा ठेवू नका.

तरीही चाळणी लावाच. हरभऱ्याच्या दोन्ही डाळी उगवल्यावरही मातीतच राहतात आणि कोंब वर येऊन पाने हिरवी होईपर्यंत त्यांच्यावरच जगतो. जिरायतात ओलीपर्यंत पोचण्यासाठी आपण बी १० सें.मी. खोल टाकतो. एवढ्या खोलीवरून वर यायला शिदोरी भरपूर लागते. सुरकुतलेल्या दाण्याची शिदोरी वाटेतच संपते. रोप वर आलेच तर फिकट, बारीक काडीचे निघते आणि मूळकुजीला लवकर बळी पडते. ओलिताखाली ५ सें.मी. खोली पुरते, पण चाळणी तिथेही सोडू नये.

निसर्गात सगळीच झाडे टपोरे बी का धरत नाहीत, याचे उत्तरही आपल्या बांधावरच आहे. झाडाकडे अन्न मोजकेच असते. त्यात थोडी मोठी बिये करायची किंवा पुष्कळ बारीक. आमरीचे बी धुळीसारखे असते, तर सेशेल्स बेटांवरच्या दर्याई नारळाचे एकेक बी १५ किलोच्याही वर जाते. गाजरगवत आणि चंदनबटवा यांनी दुसरा मार्ग धरला आहे: एका झाडाला हजारो बिये. त्या बियांत शिदोरी नाममात्र असल्याने ती मातीच्या अगदी वरच्या थरातूनच उगवतात. खोल गाडली गेली तर वर्षानुवर्षे पडून राहतात आणि नांगराने वर आली की उगवतात. म्हणून जिरायत रानात सोयाबीन किंवा मूग निघाल्यावर उथळ वखरपाळी द्या. ओलही टिकते आणि खालचा तणाचा साठा वर येत नाही. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत कोळपणी करा, आणि तण बी धरण्याआधी उपटा.

टपोरा दाणा बाजारात भाव खातो, त्यामुळे कोरडवाहू शेतकरीही काबुलीकडे वळतात. माझे मत स्पष्ट आहे: पाण्याची खात्री नसेल तर काबुली घेऊ नका. मोठ्या दाण्याला भिजून फुगायला जास्त ओल लागते, त्याची साल पातळ असते, मळणीत तो चटकन फुटतो आणि फुटका दाणा मातीत कुजतो. कोरडवाहूसाठी विजय किंवा दिग्विजय अधिक भरवशाचे.

पेरणीपूर्वी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा, त्यानंतर रायझोबियम लावून सावलीत सुकवा. त्याच्याही आठ दिवस आधी उगवण तपासा. चाळलेल्या बियाण्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडा, गुंडाळी करा आणि ओल जाऊ देऊ नका. आठव्या दिवशी सुदृढ कोंब मोजा. प्रमाणित बियाण्याला ८५ टक्के उगवण लागते. तुमचे ७० च आले, तर विजयचे एकरी २७ किलोऐवजी ३३ किलो धरा. ६० च्या खाली आले तर ते बियाणे डाळीला काढा आणि पेरणीसाठी दुसरे आणा.