मोबाइलवरील बँक आणि लोकांचा विश्वास

नवें साधन निघालें म्हणजे तें लागलेंच लोकांच्या व्यवहारांत येतें, असें नाहीं. मोबाइलवरून पैशांची देवघेव करण्याचीं जीं ॲपें निघालीं आहेत, तीं वापरावयास लोक कशामुळें राजी होतात, याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

फ्रेड डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकांनीं १९८९ सालीं संगणकासारख्या साधनांविषयीं दोन कारणें सांगितलीं: साधन उपयोगी वाटलें पाहिजे आणि वापरण्यास सोपें वाटलें पाहिजे. केनिया देशांत २००७ सालीं सुरू झालेल्या ‘एम-पेसा’ या सेवेंत हीं दोन्ही दिसतात. तेथें शहरांत राबणारे पुष्कळ मजूर आपली कमाई बसचा चालक किंवा ओळखीचा प्रवासी यांच्या हातीं घरीं धाडीत. नव्या सेवेंत जवळच्या दुकानदारापाशीं रोकड भरावी, साध्या मोबाइलवरून ती पाठवावी आणि गांवांतील दुकानदाराकडून घरच्यांनीं घ्यावी, एवढेंच काम उरलें. बँकेंत खातें नसलें तरी अडेना. परंतु येथें तिसरेंहि एक कारण आहे. पैसे ज्याच्यापाशीं भरावयाचे, तो दुकानदार डोळ्यांपुढें असे.

आपल्या देशांत यूपीआय ही पद्धति २०१६ सालीं सुरू झाली. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबर रोजीं ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां पुष्कळांना तिची गरज भासली. पुढें रोकड पुन्हा मिळूं लागली, तरी लोकांनीं ती पद्धति सोडली नाहीं. कारण तोंपर्यंत भरंवसा बसला होता. आज भाजीवालीस पडद्यावरचीं अक्षरें वाचतां आलीं नाहींत, तरी इतके रुपये मिळाले असें गाडीवरची लहानशी पेटी मोठ्यानें सांगते, आणि तिची खात्री पटते.

विद्यार्थिमित्रहो, घरांतील वडील माणसें ॲपास भितात, तीं अडाणी म्हणून नव्हे. कष्टाचा पैसा एका चुकीनें जाईल, ही त्यांची भीति खरी आहे. त्यांचा फोन हातांतून घेऊन आपणच काम उरकणें ही मदत नव्हे. शेजारीं बसून त्यांच्याच हातून प्रथम दहा रुपये पाठवावे. पैसे देतांना पिन लागतो, घेतांना कधींच लागत नाहीं, हें त्यांस समजावून द्यावें. आणि तो पिन आपणहि विचारूं नये. फसवणूक झालीच तर बँकेस व १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. जो मनुष्य स्वतः समजून व्यवहार करतो, त्याचाच विश्वास टिकतो, आणि तोच सहसा फसत नाहीं.