हवाई परिचारिका : तयारी जमिनीवरची

नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना हेलिकॉप्टरमधून रुग्ण नेणाऱ्या परिचारिकेच्या कामाचे मोठे आकर्षण असते. पण हे काम शिकायचे ते अतिदक्षता विभागात.

अमेरिकेत डेन्व्हरच्या सेंट अँथनी रुग्णालयाने १९७२ साली 'फ्लाइट फॉर लाइफ' ही हेलिकॉप्टर सेवा सुरू केली. रुग्णालयाने चालवलेली ती तिथली पहिली नागरी सेवा. अशा नामांकित सेवांत अतिदक्षता किंवा अपघात विभागातील तीन ते पाच वर्षांच्या अनुभवाशिवाय सहसा घेत नाहीत.

असे का? उंचावर हवेचा दाब घटतो आणि वायू प्रसरण पावतो. ८,००० फुटांवर सुमारे एक तृतीयांशाने. छातीच्या पोकळीत हवा साठलेला रुग्ण नळी न घालता वर नेला, तर फुफ्फुस आणखी दबून प्राणावर बेतू शकते. श्वासनलिकेतल्या नळीचा फुगासुद्धा ताणतो, त्याचा दाब तपासत राहावे लागते. त्यात हेलिकॉप्टरच्या घरघराटात स्टेथोस्कोप जवळजवळ निरुपयोगी! छाती दोन्ही बाजूंनी हलते का, ओठ निळे पडताहेत का, मॉनिटर काय दाखवतो, यावरच निर्णय घ्यायचा. सोबत बहुधा डॉक्टर नसतो, पॅरामेडिक असतो.

आपल्याकडच्या परिचारिकेला तिकडे जायचे तर आधी 'एन्क्लेक्स' परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. हवाई सेवेचे 'सीएफआरएन' प्रमाणपत्र त्यानंतरचे. तोवर रात्रपाळीत व्हेंटिलेटरवरचा रुग्ण वाट्याला आला तर पाळी बदलून घेऊ नका.