वेब सर्व्हर की ॲप्लिकेशन सर्व्हर? कोटेशनला होकार देण्याआधी हे वाचा

परवा एका ताईंनी मला वेबसाइटचं कोटेशन दाखवलं. ताई पैठण्या विकतात. कोटेशनमध्ये 'वेब सर्व्हर' आणि 'ॲप्लिकेशन सर्व्हर' अशा दोन ओळी, दोन्हींचं महिन्याचं भाडं वेगळं. ताई म्हणाल्या, "सर, दोन मशीन कशाला?"

बहुतेक वेळा लागतच नाहीत. सर्व्हर म्हटलं की आपल्याला मशीन दिसतं, पण हे दोन्ही प्रोग्रॅम आहेत. छोट्या धंद्यात ते एकाच मशीनवर आरामात चालतात.

मग फरक काय? अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. कुणीही विचारा, उत्तर तेच. असं तयार पान किंवा फोटो उचलून द्यायचा, हे वेब सर्व्हरचं काम. अपाची, एनजिनएक्स हे त्यातले नेहमीचे, दोन्ही फुकट मिळतात. पण कुणी "रविवारची दोन तिकिटं द्या" म्हटलं, की हिशोब आला: कोण मागतंय, पैसे जमा झाले का. हे डोक्याचं काम ॲप्लिकेशन सर्व्हरचं. जावासाठी टॉमकॅट, पायथनसाठी गनिकॉर्न. वर्डप्रेस असेल तर हे काम पीएचपी करतं आणि ते साध्या शेअर्ड होस्टिंगमध्ये आधीच असतं. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर जरा थांबा.

आता ताईंचा माल बघा. हातमागाची पैठणी, म्हणजे त्या रंगाचा, त्या पदराचा बऱ्याचदा एकच नग. दोन गिऱ्हाइकांनी एकाच वेळी 'खरेदी करा' दाबलं तर? वेब सर्व्हर दोघींना तेच पान दाखवणार. नग शिल्लक आहे का हे डेटाबेसमध्ये बघून पहिलीसाठी तो राखायचा आणि दुसरीला नाही म्हणायचं, हे ॲप्लिकेशनच करतं. तेही आपोआप नाही, डेव्हलपरने तसं लिहिलं असेल तरच. नाहीतर ऐन लग्नसराईत दोघींचे पैसे येणार आणि एकीचे परत करताना तुमची पत जाणार.

नुसते फोटो दाखवून ऑर्डर व्हॉट्सॲपवर घ्यायची असेल, तर वेब सर्व्हर पुरे.

एक चूक मात्र मी स्वतः केली आहे. माझ्या पहिल्या साइटवर प्रत्येक फोटोसुद्धा ॲप्लिकेशनमधूनच जायचा. दिवाळीच्या गर्दीत साइट बसली, ऑर्डरी गेल्या. फोटो वेब सर्व्हरकडे सोपवल्यावर तेच मशीन नीट चालू लागलं.

म्हणून ताईंना डेव्हलपरसाठी तीन प्रश्न लिहून दिले: दोन्ही एकाच मशीनवर का नकोत? फोटो कोण देणार? आणि एकाच नगाला दोन ऑर्डरी आल्या तर काय होईल, ते मला चालवून दाखवाल का?