जुन्या मोटारसायकलची पुढली नळी

१९३५ सालीं जर्मनींतील बी.एम.डब्ल्यू. कारखान्यानें आपल्या आर १२ गाडीस तेलानें धक्के शमविणारा फोर्क बसविला. दुर्बिणीप्रमाणें त्यांत एक नळी दुसरींत सरकते व तोंडाशीं असलेलें रबरी सील तेल आंत कोंडून ठेवितें. पुढें ही रचना सर्वत्र रूढ झाली.

जुन्या गाडीचें हें तेल गळूं लागलें कीं मालक सील बदलितो, आणि थोड्याच दिवसांत पुनः गळती! दोष बहुधा नळीचा असतो. गंजाचे बारीक खळगे सीलाची कड कानशीप्रमाणें खरवडतात.

नळी काढून सपाट कांचेवर लोळवावी. खालून उजेडाची फट कमीजास्त होतांना दिसली तर ती वांकली आहे. सरळ नळी घासून तीवर कठीण क्रोमचा थर देतां येतो. मात्र नंतर ती पुनः मूळ मापास घासावी लागते. शोभेच्या मुलाम्याचें हें काम नव्हे. वांकलेली नळी तापवून सरळ करणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. उष्णतेनें पोलादाचें बळ जातें, आणि स्वाराचा जीव त्याच बळावर असतो. तेथें नवीच नळी घ्यावी.

विद्यार्थ्यांनो, सील चढवितांना नळीच्या टोकास तेल लावलेला पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा. नाहींतर तेथील धार नवें सील कापते.